उरुग्वेचा खण

सकाळी सातला मोन्तेविदेओच्या धक्क्याला लागलो.
एकाहत्तरावा दिवस.
भोंग्यातून सूचना: बस क्रमांक चार, छातीवर हिरवा बिल्ला लावा,
छत्रीवाल्या बाईंच्या मागे राहा,
साडेपाचला सगळे परत.
मी बिल्ला न्हाणीघराच्या आरशावर चिकटवला
आणि एकटीच उतरले.

एकतीस वर्षं परदेशी टपालाच्या वर्गीकरणात काढली.
भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर एक देश.
उरुग्वेचा अगदी वर, कोपऱ्यात,
हात पुरायचा नाही, स्टूल घ्यावं लागे.
महिन्यात एखादं पाकीट.
एका पावसाळ्यात त्यात पालीनं अंडी घातली.
मी कुणाला सांगितलं नाही,
पिल्लं निघून जाईस्तोवर पाकिटं पॅराग्वेत ठेवली.

तर हा तो खण.
आत ऊन आहे, मातकट पाणी आहे,
आणि काखेत थर्मास दाबून चालणारी माणसं,
जणू अख्खं शहर कुणाला तरी दवाखान्यात
चहा पोचवायला निघालंय.

बस चुकले. म्हणजे बस बरोबर होती, बाजू चुकली.
ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं,
शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद करून म्हणाला, "सेर्रो."
मी मान डोलावली, जसं काही इथंच यायचं होतं.

टेकडी. घसरत्या गल्ल्या.
कोपऱ्यावरची पाटी वाचली: ग्रेसिया.
मग ओलांदा. मग तुर्किया.
मग प्रुसिया, जो आमच्या भिंतीवरही कधी नव्हता.
प्रत्येक देशात दोन-तीन कुत्री, वाळत घातलेल्या चादरी.
जकात नाही, शिक्का नाही,
ओलांदातून तुर्कियात मी चपलेतला खडा झटकत गेले.
माझी गल्ली शोधली. सापडली नाही.
(असेलही. गुडघा दुखत होता.)

ग्रेसियाच्या फरशीवर ती पाणी मारत होती.
"झुल्मा," छातीवर हात ठेवून म्हणाली.
मला हसू आलं. इतक्या मऊ आवाजाच्या बाईचं नाव!
तिनं मला खुर्ची दिली, स्वतःसाठी रंगाचा डबा उलटा केला.
हातांनी बोललो, आणि माझ्या चाळीस स्पॅनिश शब्दांनी.
बाप लिथुआनियाचा. मांसाच्या कारखान्यात,
बर्फाच्या खोलीत दोन बोटं गेली.
उरलेल्या आठांनी दर रविवारी आईला पत्र.
लढाई सुरू झाली, उत्तरं थांबली,
तरी लिहायचा, असं तिनं सांगितलं
फरशीवर ओल्या बोटानं एक पाकीट काढून.
मी काही बोलले नाही.
अशी पाकिटं हाताळलीत मी. पत्ता बरोबर, देश नाहीसा.
आमच्याकडे त्यांच्यासाठी खण नव्हता.
पोतं होतं.

फरशीवरचं पाकीट वाळून गेलं.

भोपळ्याच्या पेल्यात हिरवा पाला, गरम पाणी, धातूची नळी.
कडू. कारल्याच्याही वरताण.
मी शिष्टाचारानं म्हटलं, "ग्रासियास."
पुढच्या खेपेला पेला मला ओलांडून गेला.
शेजारचा पोरगा, नाहुएल, खो खो हसला.
ग्रासियास म्हणजे पुरे झालं, म्हणाला.
अजून हवं असेल तर गप्प राहायचं.
मला एकदम घरच्यासारखं वाटलं.
आमच्यातही कुणी आभार मानले
की ओळखायचं, माणूस रागावलंय.

खाडीपलीकडे जहाज दिसत होतं.
बाराशे खोल्या, तीन तरणतलाव,
इथून साबणाची वडी, वापरून झिजलेली.
झुल्मानं बोट दाखवून विचारलं, तुझं?
मी हो म्हटलं. मग नाही म्हटलं.
साडेचार. पावणेपाच.
नाहुएल बस अडवायला उतारावरून पळाला.

तिनं पेला पुन्हा भरला, माझ्यापुढे धरला.
मी ओढत राहिले, नळी गुरगुरेपर्यंत,
मग परत दिला,
तिच्याकडे बघितलं,
आणि गप्प राहिले.